विंडोज ११ टाकल्यावर अंगठा घेईना? आधी १२७.०.०.१ तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यानंतर परभणी-हिंगोलीपासून लातूर-धाराशिवपर्यंत ज्या सेवा केंद्रांनी जुनी मशीन विंडोज ११ वर नेली, त्यांच्यापैकी काहींची तक्रार ठरलेली असते : नेट चालू आहे, यंत्राला दिवा लागतोय, पण मशीन अंगठा घेईना गेलंय. पीएम किसानच्या ई-केवायसीला आलेले लोक बाकड्यावर ताटकळत असतात आणि दुकानदार राउटर बंद-चालू करत बसतो. राउटरचा इथे काही संबंध नसतो.

पोर्टलचं पान बाहेरच्या सर्व्हरवरून येतं हे खरं. पण अंगठ्याच्या यंत्राशी बोलायला ते पान तुमच्याच कॉम्प्युटरमधल्या आरडी सर्व्हिसला, म्हणजे यंत्र आणि पोर्टल यांना जोडणाऱ्या प्रोग्रामला, हाक मारतं. ही सर्व्हिस १२७.०.०.१ या पत्त्यावर, १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा दाराचा नंबर) ऐकत बसलेली असते. १२७ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता लूपबॅक, म्हणजे स्वतःलाच मारलेली हाक. ती मशीनबाहेर जातच नाही. जीएसटीच्या डिजिटल सहीचं एमसाइनरही असंच चालतं, त्याचं पोर्ट १५८५.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाकताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत टाका. कमांड प्रॉम्प्ट उघडताना राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' निवडा.

पायरी १ : पत्ता जिवंत आहे का

'पिंग १२७.०.०.१' टाका. चार उत्तरं यायला हवीत, प्रत्येक एक मिलिसेकंदाच्या आत. लॅनची वायर काढून ठेवली किंवा रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली असली, तरी ही उत्तरं येतात. बहुतेक वेळा इथे सगळं ठीकच निघतं, कारण अपग्रेडमुळे हा पत्ता क्वचितच बिघडतो. त्या पत्त्यावर ऐकणारा प्रोग्राम मात्र बंद पडलेला, हललेला किंवा अडवलेला असतो.

पायरी २ : तिथे कोण ऐकतंय

खरी तपासणी हीच, म्हणून इथे घाई करू नका. 'नेटस्टॅट -एएनओ' टाकलं की लांबलचक यादी येते. तिच्यात अशी ओळ शोधा :

टीसीपी १२७.०.०.१:१११०० ०.०.०.०:० लिसनिंग ४३१२

पहिला पत्ता आणि पोर्ट म्हणजे सर्व्हिस जिथे बसली आहे ती जागा. शेवटचा आकडा त्या प्रोग्रामचा नंबर. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'पीआयडी' रकान्यात तोच नंबर पाहिला की प्रोग्रामचं नाव कळतं.

१११०० ते १११२० पैकी एकही ओळ नसेल तर सर्व्हिस चालूच नाही. 'सर्व्हिसेस.एमएससी' उघडा, यंत्राच्या कंपनीची आरडी सर्व्हिस शोधा, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा आणि 'स्टार्ट' दाबा. यादीत नावच नसेल, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्रापुढे पिवळं चिन्ह असेल, तर अपग्रेडमध्ये ड्रायव्हर गळला आहे. जुना ड्रायव्हर काढा, मशीन रीस्टार्ट करा, मगच कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा नवा टाका. इथे 'शट डाउन' करून चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननंतरही विंडोजचा गाभा जुन्याच अवस्थेतून उठतो.

पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने बळकावलेलं असेल तर त्याचं नाव वरच्या पद्धतीने सापडतं. पण कधी यादीत कोणीच दिसत नाही आणि तरी सर्व्हिस '१००१३' असा एरर देऊन पडते. तेव्हा विंडोजनेच पोर्टांचा एक पट्टा राखून ठेवलेला असू शकतो. 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी' टाकून पाहा. तुमचं पोर्ट त्या पट्ट्यात असेल तर 'नेट स्टॉप विननॅट' करून विंडोजची ती नेटवर्क सेवा थोडा वेळ थांबवा, आपली सर्व्हिस चालू करा आणि मग 'नेट स्टार्ट विननॅट'.

पायरी ३ : लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ एकच नव्हेत

लोकलहोस्ट हे स्वतःच्याच मशीनचं नाव. 'पिंग लोकलहोस्ट' टाकल्यावर '::१' वरून उत्तर आलं तर दचकू नका, तो आयपीव्ही६ चा लूपबॅक पत्ता आहे. घोटाळा असा होतो की प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असतो आणि ब्राउझर किंवा दुसरा प्रोग्राम ::१ चं दार ठोठावतो. नोड.जेएसवर (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे नेमकं भोवतं. २०२१ मध्ये आलेल्या १७व्या आवृत्तीपासून सिस्टीम ज्या क्रमाने पत्ते देते तोच क्रम नोड पाळतं, मग ::१ आधी येतो आणि 'ईकनरिफ्यूज्ड', म्हणजे कनेक्शन नाकारल्याचा एरर, दिसतं. सेटिंगमध्ये 'लोकलहोस्ट' काढून सरळ १२७.०.०.१ लिहा, काम होतं. नेटस्टॅटमध्ये ०.०.०.०:८०८० असं दिसलं तर तो प्रोग्राम सगळ्या नेटवर्कसाठी दार उघडून बसलाय. दुकानाचं वायफाय गिऱ्हाइकांना देत असाल तर हे बरं नव्हे.

सोबत होस्ट्स फाइलही पाहा, कोणत्या नावाचा कोणता पत्ता याची ती मशीनमधली यादी : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. तिच्यात लोकलहोस्टच्या ओळींपुढे # असणं हा बिघाड नाही, विंडोज तो पत्ता स्वतःच सांभाळतं. पण लोकलहोस्टपुढे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता कोणी लिहून ठेवला असेल तर ती ओळ काढा. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सेव्ह करताना नावाला '.टीएक्सटी' चिकटू देऊ नका, नाहीतर विंडोज ती फाइल वाचतच नाही. शेवटी साठवलेले जुने पत्ते पुसायला 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' टाका.

पायरी ४ : ब्राउझर अडवतोय का

सर्व्हिस ऐकते आहे, तरी पोर्टल 'डिव्हाइस नॉट फाउंड' म्हणतंय? क्रोम १४२ पासून, एखादी साइट स्थानिक नेटवर्कशी किंवा लूपबॅकशी बोलू पाहते तेव्हा क्रोम परवानगी विचारतो. गर्दीच्या वेळी 'ब्लॉक' दाबलं गेलं की यंत्र गायब. पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून साइट सेटिंगमध्ये ही परवानगी 'अलाउ' करा. एमसाइनरसाठी ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ एकदा उघडा आणि सर्टिफिकेटची सूचना मान्य करा.

एरर नीट वाचा. 'रिफ्यूज्ड' म्हणजे तिथे कोणी ऐकतच नाही, पायरी २ कडे परत जा. 'टाइम्ड आउट' आलं तर अँटीव्हायरस किंवा फायरवॉलवर संशय घ्या. 'कनेक्शन रीसेट' असेल तर विंडोज अपडेट पूर्ण करा : ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६८३५ अपडेटने एचटीटीपी.सिस या विंडोजच्या वेब-सेवेच्या भागावर चालणाऱ्या लोकलहोस्ट सेवा बिघडल्या होत्या, त्याची दुरुस्ती नंतर आली.

विंडोज नसलेल्या मशीनचं थोडक्यात : मॅकवर फक्त १२७.०.०.१ तयार मिळतो. १२७.०.०.२ हवा असेल तर 'सुडू आयएफकॉन्फिग एलओ० एलियस १२७.०.०.२ अप' टाकावं लागतं आणि ते रीस्टार्टनंतर पुसलं जातं. मॅकच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून पोर्ट ५००० एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या अॅपल उपकरणाचं चित्र-आवाज घेणारी सोय) धरून बसतो, तो सेटिंगमधून बंद करता येतो. उबुंटूवर 'आयपी ॲडर शो एलओ' टाका. १२७.०.०.१ दिसत नसेल तर 'सुडू आयपी लिंक सेट एलओ अप'.

शेवटचा उपाय

'नेटएसएच विनसॉक रीसेट' आणि 'नेटएसएच इंट आयपी रीसेट' या विंडोजची नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीला नेणाऱ्या दोन कमांड लोक सगळ्यात आधी मारतात. त्या पायरी १ मध्ये पिंगच आलं नसेल तेव्हाच्या. दुसरीने हाताने बसवलेला आयपी पत्ता पुसला जातो, म्हणून आधी 'आयपीकॉन्फिग /ऑल' चा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, नाहीतर शेजारच्या टेबलावरून या मशीनवर येणारं प्रिंटिंगही बंद पडेल. हे काम केंद्र उघडण्याआधी करा, आणि लाइट जायची वेळ असेल तर इन्व्हर्टर लावूनच.