तकायासूचा अ‍ॅन्युरिझम आणि डाव्या हाताचा रक्तदाब

सोलापुरातील एका रुग्णालयात जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असताना पूर्व भागातील विड्या वळणारी एक तरुण स्त्री मानेच्या उजव्या बाजूला धडधडणारी गाठ घेऊन आमच्या युनिटमध्ये दाखल झाली. उजव्या हाताला सलाईन असल्याने मी डाव्या हातावर रक्तदाब मोजला, वरचा आकडा 100 भरला आणि केसपेपरवर तसा लिहून मी मोकळा झालो. संध्याकाळच्या राउंडला सरांनी तिचे डावे मनगट बराच वेळ धरून ठेवले आणि सलाईन काढून उजव्या हातावर पट्टा बांधायला सांगितले. तिथे 180 होता.

तकायासू आर्टेरायटिस या नावाशी माझी खरी ओळख त्या दिवशी झाली. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो तकायासू यांनी 1908 मध्ये डोळ्यांतील बदलांवरून नोंदवलेला हा आजार महाधमनी व तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना सूज आणतो, आणि तो बहुतेक वेळा चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो. धमनी बहुधा अरुंद होते, आणि ती हाताची असेल तर त्या हातावर रक्तदाब खोटा कमी भरतो. क्वचित भिंत कमकुवत होऊन फुगते; या फुगवट्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. म्हणून नवीन निवासी डॉक्टरांनी अशा रुग्णाच्या दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा रक्तदाब स्वतः मोजावा, तो नर्सिंगच्या तक्त्यातून उतरवून घेऊ नये.

गाठ म्हणजे उजव्या कॅरोटिडचा, मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचा, अ‍ॅन्युरिझम होता. मात्र सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे स्कॅन, केवळ मानेची न करता महाधमनीच्या कमानीपासून जांघेपर्यंत केली, कारण शस्त्रक्रियेत एक कॅरोटिड क्लॅम्प करायची, म्हणजे चिमट्याने काही वेळ बंद करायची असेल, तर मेंदूला रक्त पुरवणाऱ्या उरलेल्या वाहिन्या कितपत उघड्या आहेत हे आधी ठाऊक असावे लागते.

यंत्रमागावर काम करणारा तिचा नवरा रोज एकच प्रश्न विचारी, ‘गाठ दिसते आहे, मग काढत का नाही?’ खरे सांगायचे तर तो प्रश्न माझाही होता. भिंत सुजलेली असताना घातलेले टाके पुढे सैल पडतात आणि ग्राफ्टच्या (जोडलेल्या पर्यायी नळीच्या) जोडावरच नवा, खोटा अ‍ॅन्युरिझम तयार होऊ शकतो. धमनीच्या आतून बसवलेल्या स्टेंट-ग्राफ्टलाही या अडचणीतून पूर्ण सूट नाही. त्यामुळे गाठ फुटण्याचा धोका तातडीचा नसेल, तर आधी स्टेरॉइड व इतर औषधांनी सूज शमवतात. ती औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी मेडिसिनच्या सहकाऱ्यांनी आग्रहाने करून घेतली. ईएसआर ही सूज दाखवणारी रक्ततपासणी; तो नॉर्मल आला म्हणून रोग शांत झाला असे मानू नये. भिंतीत सूज तरीही असू शकते.

काही महिन्यांनी पुण्यात तिची शस्त्रक्रिया झाली आणि सरांच्या परवानगीने मी ती पाहिली. फुगलेला भाग काढून मांडीतील शिरेचा ग्राफ्ट जोडला गेला. माझ्या लक्षात राहिला तो टाक्यांआधीचा वेळ: धमनी कुठे मऊ आणि निरोगी आहे हे बोटांनी चाचपत सर्जन अपेक्षेपेक्षा बरेच वर गेले.

एमएसनंतर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन व्हॅस्क्युलर सर्जरीच्या (रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या) तीन वर्षांच्या एमसीएच पदवीला जाऊ इच्छिणाऱ्यांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा स्वतःकडे घ्यावा, कारण जोडावरचा अ‍ॅन्युरिझम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. ती रुग्ण अजूनही दर सहा महिन्यांनी येते. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवले आहे: ‘रक्तदाब उजव्या हातावरच मोजावा.’