पीमिक आणि प्रोसेसरमधल्या रिसेट लाइन कशा जोडाव्यात

बोर्डावर एनएक्सपीचा आय.एमएक्स ८एम मिनी आणि त्याच्या जोडीला पीसीए९४५०ए हा पीमिक (बोर्डाच्या वेगवेगळ्या व्होल्टेजचा पुरवठा सांभाळणारी चिप) असेल, तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं. दोन्ही डेटाशीट समोर उघडी आहेत असं धरतो.

पीमिकचा पीओआर_बी (पॉवर आल्यावर प्रोसेसरला रिसेटमध्ये धरणारी लाइन) प्रोसेसरच्या त्याच नावाच्या पिनला थेट जोडा. पीमिकचं हे आउटपुट ओपन ड्रेन आहे. ते लाइन खाली ओढतं, वर नेत नाही. त्यामुळे पुल-अप (लाइन वर ठेवणारा रेझिस्टर) हवाच, आणि तो १.८ व्होल्टच्या एसएनव्हीएस रेलवरूनच, म्हणजे प्रोसेसरच्या कायम चालू राहणाऱ्या भागाच्या पुरवठ्यावरून. ‘३.३ जवळ आहे, तिथून घ्या’ हा सल्ला सरसकट दिला जातो. तो चुकीचा आहे, पिन १.८चा आहे. या लाइनवर पुश-पुल आउटपुटचा, म्हणजे लाइन वरही ढकलणारा, सुपरवायझर (व्होल्टेजवर लक्ष ठेवणारी चिप) लावू नका.

पीएमआयसी_ऑन_रेक (प्रोसेसरने पीमिककडे पॉवर मागायची लाइन) सरळ जोडा. रिसेटचं बटण मात्र पीओआर_बीवर नको, पीमिकच्या पीएमआयसी_आरएसटी_बीवर द्या.

आता वॉचडॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने वेळेवर खूण दिली नाही तर रिसेट करणारा टायमर. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं आहे. बोर्ड पॉवर दिल्यावर दर वेळी नीट बूट होतो आणि वॉचडॉगने रिसेट केला की मरून पडतो. बूट एसडी कार्डवरून होत असेल तर कारण असं: लिनक्सने कार्ड वेगवान मोडसाठी १.८ व्होल्ट सिग्नलिंगवर नेलेलं असतं. प्रोसेसर एकटाच रिसेट झाला तर कार्डाला त्याचा पत्ताही नसतो. बूट रॉम (प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा कोड) ३.३वर बोलतो, कार्ड १.८वरच अडून बसतं. त्याची पॉवर काढल्याशिवाय ते परत येत नाही. ईएमएमसीवरून (बोर्डावरच बसवलेल्या मेमरीवरून) बूट करणाऱ्यांना हा दोष बहुधा दिसतच नाही, म्हणून ‘आमच्याकडे चालतं’ या उत्तरावर विसंबू नका.

उपाय म्हणजे प्रोसेसरचा जीपीआयओ१_आयओ०२ पीमिकच्या डब्ल्यूडॉग_बीला जोडायचा. पण नुसत्या तारेने काही होत नाही. पिनमक्समध्ये (कोणता पिन कोणत्या कामाला, हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) तो पिन वॉचडॉगला द्या. डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) वॉचडॉगच्या नोडला ‘एफएसएल,एक्स्ट-रिसेट-आउटपुट’ लिहा, नाहीतर वेळ संपल्यावर पिन हलणारच नाही. शिवाय पीमिककडे ही सोय सुरुवातीला बंद असते. यू-बूट या बूटलोडरच्या एसपीएल या पहिल्या टप्प्यात पीमिकच्या रिसेट_सीटीआरएल रजिस्टरमध्ये हेक्स ए१ लिहून कोल्ड रिसेट निवडा. मग एसएनव्हीएसच्या रेल सोडून बाकी सगळ्या खाली जाऊन पुन्हा वर येतात. कार्डाची ३.३ त्यांच्यातच असू द्या. वेगळ्या रेग्युलेटरवर असेल तर ही सगळी मेहनत वाया.

तपासताना रीबूट कमांडवर थांबू नका, ती फर्मवेअरमार्गे जाते, त्यामुळे वॉचडॉगची ही वाट तपासली जाईलच असं नाही. वॉचडॉगला फीड (वेळेवरची खूण) देणं बंद करा आणि ऑसिलोस्कोपचा एक चॅनेल कार्डाच्या ३.३वर, दुसरा पीओआर_बीवर ठेवा. पीओआर_बी खाली गेला आणि ३.३ जागची हलली नाही, तर आधी रजिस्टर वाचा. पीओआर_बीसुद्धा हलला नाही, तर पिनमक्स, डिव्हाइस ट्री आणि तेच रजिस्टर बघा. सोल्डरिंग आयर्न त्यानंतर.