पक्षी काढायचाय? मग पिसं सगळ्यात शेवटी

बहुतेक जण पक्ष्याचा डोळा काढून सुरुवात करतात, मग चोच, मग एकेक पीस कोरत बसतात आणि शेवटी कागदावर जे येतं ते पेंढा भरून ठेवल्यासारखं दिसतं. मीपण बरेच दिवस हेच केलं.

आधी एचबी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक तिरकी रेघ मारा, पक्षी किती ताठ बसलाय किंवा किती आडवा आहे ते त्या एका रेघेत आलं पाहिजे. त्यावर अंगाचं अंडं आणि डोक्याचा गोल. खंड्याचं (किंगफिशरचं) डोकं आणि चोच अंगाच्या मानाने केवढी मोठी असते बघा, आपण हमखास छोटी काढतो.

पायांत सगळेच फसतात. ज्याला आपण उलटा गुडघा समजतो तो खरं तर घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला. आणि पावलं अंगाच्या वजनाखाली आली नाहीत तर पक्षी फांदीवरून पडणार असंच वाटतं. बोटं बहुतेकांची तीन पुढे एक मागे, पण पोपट आणि सुतारपक्ष्याची दोन पुढे दोन मागे.

फांदी काढताना पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे आधी बघून घ्या. पळसाला पानं तीनच, ते तर म्हणीतच आहे, पण पळस ऐन फुलावर असताना झाडाला पानं जवळपास नसतातच, त्यामुळे केशरी फुलं आणि गच्च हिरवी पानं एकाच फांदीवर काढू नका. पान वळलेलं असेल तर आधी मधली शीर काढायची, कडा तिच्या मागोमाग आपोआप जमतात.

मग पेन. शाई वॉटरप्रूफ हवी, आधी रद्दी कागदावर रेघ मारून, वाळवून, वर पाणी फिरवून बघा. मी एकदा साध्या जेल पेनने अख्खा बुलबुल काढला आणि पहिल्याच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाचा हात फिरवताच, त्याचा काळपट चिखल झाला! ०.१ चं, म्हणजे अगदी बारीक टोकाचं, पेन पुरतं. उजेडाकडची रेघ मधेमधे तुटू द्या, पोटाखालची जरा जाड ठेवा.

वॉटरकलरला कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. फिक्याकडून गडदाकडे जायचं, आणि पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे खंड्याची छाती आणि डोळ्यातला चमकता ठिपका आधीच सोडून ठेवा. त्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा नाहीच, पिसांच्या रचनेमुळे प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो, तसा झळाळ आणायचा तर स्वच्छ निळ्याचा एकच वॉश द्या, फार तर दोन, वरून घोटत बसलात की तो मेलाच. काळा रंग ट्यूबमधून नको, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, कावळासुद्धा जिवंत दिसतो. पानांच्या हिरव्यातही किंचित लाल टाका, नाहीतर प्लास्टिकची वाटतात. रंग वाळल्यावर फिका पडतो हे धरूनच चाला.

आता पिसं. मिटलेल्या पंखात वर छोटी, मधे मध्यम आणि खाली लांब असे थर असतात, तेवढे थर दिसले की झालं, टोकदार पेन्सिलीने फक्त सावलीच्या बाजूला पाचसहा कडा काढा. पोट तर तसंच सोडा.