मुलींना घेऊन मुंबईत शॉपिंगचा वीकेंड करताय? या चुका टाळा

माझ्या दोन मुली, मोठी सोळाची, धाकटी तेराची. सांगलीहून त्यांना घेऊन मी आतापर्यंत तीनदा फक्त खरेदीसाठी मुंबईला गेलेय. पहिली ट्रिप पूर्ण बिनसली, रविवारी रात्री परतीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मुली ज्या ट्रिपची दोन महिने वाट बघत होत्या ती अशी संपली याचं मला खूप वाईट वाटलं, म्हणून पुढच्या दोन्ही वेळेस नीट बसून प्लॅन केला. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे राहायची जागा. आम्ही पहिल्यांदा डोंबिवलीला नातेवाइकांकडे उतरलो, त्यांनी प्रेमाने सगळं केलं, पण डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकलनेसुद्धा सव्वा तास धरायचा आणि घरी गेलं की आंघोळ, नाश्ता, गप्पा, "जेवूनच जा" हे सगळं आलंच, ते टाळताही येत नाही आणि टाळूही नये. बाजारात पोचेपर्यंत शनिवारचे दोन वाजले होते. नातेवाइकांना भेटायची ट्रिप वेगळी ठेवा आणि ही ट्रिप वेगळी. फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास साधं, स्वच्छ, तिघींना पुरेल असं हॉटेल घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण चालत बाजारात जाता येतं आणि मध्येच पिशव्या रूमवर टाकून परत बाहेर पडता येतं. बुक करायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, तिसरा बेड मिळेल का आणि सकाळी लवकर आलो तर सामान ठेवून घेणार का. महालक्ष्मी सकाळी सात-साडेसातला पोचवते आणि चेक-इन बहुतेक ठिकाणी बाराचं असतं. मुलींची आधार कार्डंही जवळ ठेवा.

दुसरी चूक वाराची, आणि ही बाहेरगावच्या माणसाला कळतच नाही. आम्ही शनिवारी आधी कुलाबा केलं आणि रविवारसाठी मंगळदास मार्केट ठेवलं, कारण मोठीला कुर्त्यांसाठी कापड घ्यायचं होतं. रविवारी जाऊन बघतो तर शटर खाली! मंगळदास रविवारी बंद असतं, त्या भागातली होलसेलची बरीच दुकानंही बंद. वर रविवारचा मेगाब्लॉक. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या लाइनवर चार-पाच तास काम चालतं, गाड्या कमी होतात आणि ज्या येतात त्यात पाय ठेवायला जागा नसते, पिशव्या घेऊन तर विसराच.

म्हणून आता आमचा क्रम पक्का आहे. शनिवारी सकाळी अकराला क्रॉफर्ड मार्केट आणि मंगळदास, सीएसएमटीहून चालत दहा-पंधरा मिनिटं. क्रॉफर्डच्या आसपास क्लिपा, हेअरबँड, मेकअपचं सामान, पर्स वगैरे मिळतं, धाकटी तिथेच खूश. दुपारी रूमवर पिशव्या टाकायच्या आणि हार्बर लाइनची गोरेगाव लोकल पकडून थेट वांद्र्याला, लिंकिंग रोड आणि हिल रोड. वांद्र्याला रिक्षा मिळते पण ती वांद्र्याच्या पुढे शहरात येत नाही हे लक्षात ठेवा, परत येताना लोकल किंवा टॅक्सीच. संध्याकाळची गर्दी शहराबाहेर जाणारी असते, आपण उलट्या दिशेने येतो त्यामुळे बसायलाही मिळतं. रविवारी मात्र लोकलचं नावच काढायचं नाही, फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा कॉजवे दोन्ही रविवारी चालू असतात, फोर्टचे रस्ते ऑफिसं बंद असल्यामुळे मोकळे असतात, आणि संध्याकाळी गाडीसाठी आपण सीएसएमटीच्या जवळच असतो. हा एक बदल केला आणि अर्ध्या कटकटी संपल्या.

सकाळी सातला उतरून लगेच बाजार गाठायचा ही पण चूकच. अकराच्या आधी काही धड उघडत नाही. तेवढ्यात आंघोळ, नाश्ता, गेटवेला चक्कर मारून घ्या. रविवारी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जातो, ते सव्वादहाला उघडतं आणि तिथून कॉजवे चालत जवळ. मुली आधी कंटाळल्या होत्या, पण आतली जुनी वस्त्रं आणि दागिने बघून मोठीने वहीत डिझाइन काढून घेतली.

आता पैशांचं. यावर आमचं खरं भांडण झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्यांदा सगळे पैसे माझ्याकडे होते आणि प्रत्येक टॉपला "आई, घेऊ का?" आणि माझं "असलाच आहे की घरी". चार तासांत मोठीने तोंड फिरवलं. तिचं चुकलं नव्हतं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण मोठी माणसं जशी जातो तशी मी तिला घेऊन फिरत होते, तिच्यासाठी ठरवत होते. दुसऱ्या वेळेस निघायच्या आधीच दोघींना पाकिटं दिली. रक्कम सारखीच, वय बघून कमी-जास्त केली नाही, कारण ताईला जास्त आणि मला कमी हे तेराव्या वर्षी फार लागतं. त्या पैशांत काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, मी बोलायचं नाही. कुठे जायचं आणि किती वाजता निघायचं ते मी ठरवायचं, त्यात त्यांनी बोलायचं नाही. चप्पल-बूट आणि आतले कपडे माझ्या खर्चाने, नाहीतर मुली तेच वाचवतात आणि मग शाळेत तुटक्या चपला घालून जातात. धाकटीने पहिल्याच दुकानात निम्मे पैसे संपवले तेव्हा जीव तुटला, पण वरून पैसे दिले नाहीत. तिसऱ्या ट्रिपला तिने पूर्ण गल्ली आधी नुसती फिरून बघितली आणि मग एकेक वस्तू घेतली.

रोख थोडी ठेवाच, यूपीआय बहुतेक सगळीकडे चालतं पण गर्दीत नेट अडकलं की विक्रेताही वैतागतो आणि आपणही.

भाव करताना मुली एक चूक हमखास करतात, वस्तू हातात घेऊन "वॉव, मस्त आहे ना!" असं विक्रेत्यासमोरच बोलतात. मी अर्ध्यावरून सुरू करते. पण घ्यायचं नसेल तर भाव विचारून घासाघीस करू नका, आपण सांगितलेल्या भावाला तो हो म्हणाला तर घ्यायचं, हे मुलींना आधीच सांगा. उन्हातान्हात उभी असलेली माणसं असतात ती.

फॅशन स्ट्रीटला ट्रायल रूम धरून चालू नका. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग घालून जा म्हणजे टॉप वरूनच घालून बघता येतो. जीन्ससाठी घरची नीट बसणारी जीन्स सपाट ठेवून कंबर आणि लांबी मोजून घ्या आणि टेप पर्समध्ये ठेवा, लेबलवरच्या नंबरवर जाऊ नका. शंका असेल तर एक साइज मोठा घ्या, सैल कपडा गावी टेलर आत घेऊन देतो, घट्ट झालेला वायाच जातो. शिलाई, चेन, बटणं तिथेच उजेडात बघा. आमची एक सँडल दुसऱ्याच दिवशी सोलमधून सुटली, तेव्हापासून चप्पल वाकवून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

कानातली तिथे कानात घालून बघू देऊ नका, आधी किती जणींनी घातलेली असतात माहीत नाही. आरशासमोर कानाजवळ धरून बघायची. धाकटीला स्वस्तातल्या धातूने कान लाल होऊन पाणी यायला लागलं होतं, तेव्हापासून तिच्यासाठी दोऱ्याची नाहीतर लाकडी बघतो.

टॉयलेटचा विचार कोणी करत नाही आणि मग बाजारात मध्येच धावपळ होते. जिथे खायला बसाल तिथे जाऊन घ्या, म्युझियममधून निघताना जाऊन घ्या. मुलींची पाळी त्या वीकेंडला येणार असेल तर ट्रिपची तारीख सरळ पुढे ढकला, तसं होत नसेल तर पॅड, जास्तीची निकर आणि मध्ये दोनदा रूमवर यायचा वेळ धरा. जुलै-ऑगस्ट तर नकोच, ताडपत्रीवरून पाणी गळतं आणि निम्मा माल झाकलेला असतो.

कॉजवेच्या गर्दीत चुकामूक झाली तर रीगल सिनेमासमोर उभं राहायचं, फोन लागो न लागो. सकाळी निघताना दोघींचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवते आणि पॉवर बँक मोठीकडे देते.

रविवारी संध्याकाळी सातला खरेदी बंद म्हणजे बंद. रूमवरून सामान घ्या आणि गाडीत बसा. महालक्ष्मी दादरलाही थांबते, पण चार पिशव्या आणि दोन मुली घेऊन तिथे घाईत चढण्यापेक्षा सीएसएमटीलाच आरामात चढलेलं बरं. सोमवारी शाळेला सुट्टी घ्या, आणि नवीन गडद कपडे पहिल्या धुण्याला वेगळे भिजवा, आमच्या शाळेच्या पांढऱ्या युनिफॉर्मवरचा निळा डाग अजून गेलेला नाही.