ब्लेड कागदात गुंडाळून फेकताय? घरच्या भंगारातल्या या चुका टाळा

दाढीचं ब्लेड जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचं. गालाला बोथट लागलं तरी कचऱ्याची पिशवी कापायला त्याची धार पुरून उरते. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधलेलं ब्लेड भाजीच्या देठांबरोबर भिजतं, कागदाचा लगदा होतो आणि पातं उघडं पडतं. पुढे तो कचरा कुणीतरी हातानं निवडतं. कमोडमध्ये टाकणं तर त्याहून वाईट, कारण मग ते चेंबर उपसणाऱ्याची वाट बघत बसतं.

त्यासाठी पत्र्याचा डबा करावा. कंडेन्स्ड मिल्कचा न उघडलेला डबा उत्तम. वरच्या पत्र्यावर छिन्नी-हातोडीनं 25 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर रुंद खाच पाडायची. ब्लेडची अरुंद बाजू 22 मिलिमीटरची असते, त्यामुळे ते उभं आत जातं. दूध बाहेर यायला हवा आत जावी लागते, म्हणून दुसऱ्या कडेला खिळ्यानं एक भोक पाडा. मग गरम पाण्यानं दोन-तीनदा खळबळून डबा उपडा वाळवा. हे चुकलं तर आठवड्यात मुंग्या. तुपाचा झाकणाचा डबाही चालतो, फक्त झाकण एम-सीलनं कायमचं बसवा. उघडणारं झाकण म्हणजे लहान मुलांना आमंत्रणच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्लॅस्टिकची बाटली किंवा कोल्ड्रिंकचा कॅन घेणं. कॅन ॲल्युमिनियमचा, ब्लेड पोलादाचं. भंगारात ते वेगळं करायला कुणाला तरी तो फोडावा लागतो. पत्र्याचा डबा मात्र न उघडता लोखंडाबरोबर भट्टीत जातो. आठवड्याला एक ब्लेड धरलं तर वर्षाला 52, म्हणजे डबा कित्येक वर्षं पुरतो. भरला की खाच ठोकून बंद करा, वर चिकटपट्टी लावा, ऑइल पेंटनं ‘ब्लेड’ लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात सांगून द्या. पैशांची अपेक्षा नको, हजार ब्लेडांचं वजनही पाऊण किलोच्या आतच भरतं.

वापरून फेकायचे रेझर आणि कार्ट्रिज यांची पाती उपटत बसू नका. बोट कापण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. जाड बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, वर लिहून घंटागाडीवाल्याला वेगळं द्या.

जुनं ब्लेड शिवण उसवायला किंवा काचेवरचा रंग खरवडायला कामी येतं. अर्धं करायचं तर उघडं वाकवू नका. कडक पोलाद तुटताना कपची डोळ्यात उडते. कागदी वेष्टनात ठेवून लांबीच्या बाजूनं दुमडा, आतल्या आत तुटतं. तुटलेल्या कडेला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सलूनमधलं ब्लेड मात्र कुठल्याही कामाला आणू नये. त्यावर दुसऱ्याचं रक्त असू शकतं आणि ‘हिपॅटायटिस बी’ ही कावीळ रक्तातून पसरते.

बाकी भंगारात भाव पडतो तो सरमिसळीमुळे. पितळी नळात लोखंडी स्क्रू राहिला की अख्खा नळ हलक्या भावात जातो. लोहचुंबक लावून बघा, पण त्यावर सगळा भरवसा नको: ब्लेड चुंबकाला चिकटतं, स्टीलची बरीचशी भांडी चिकटत नाहीत, म्हणून ती काही जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ठरत नाहीत. तांब्यासाठी वायर जाळू नका. पीव्हीसीचा धूर विषारी, शिवाय काळं पडलेलं तांबं कमी भावात जातं. कटरनं आवरण सोलायचं, धार अंगापासून दूर. डिओचा स्प्रे रिकामा वाटला तरी ठोकू नये, आत दाब आणि पेट घेणारा वायू उरलेला असतो.

ब्लेडं सांडलीच, तर जुन्या स्पीकरचं चुंबक जाड पिशवीत घालून जमिनीवरून फिरवा, मग पिशवी उलटी करून ती आतच धरा. उघडं चुंबक हातात घेऊन वेचायला गेलात तर ब्लेड उडी मारून थेट बोटावर येतं. कापलंच तर जखम साबणपाण्यानं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा, ब्लेडवर गंज नसला तरीही. धनुर्वाताचे जंतू गंजात नाही, माती-शेणात असतात.