वादळात जंगलातून एकट्याने सायकल: थांबायचं कसं आणि कुठे

सामानाची यादी मी देणार नाही. लांबच्या सफरीला एकटं निघताय, म्हणजे पंक्चर काढता येतं, तुटलेली चेन जोडता येते आणि रोजचा मार्ग घरी कुणाला तरी कळवलेला असतो, हे मी धरून चालते. फक्त दोन गोष्टी सांगते. पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅरियरवर लटकवायच्या पिशव्या, कितीही वॉटरप्रूफ म्हणून विकलेले असोत, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालाच. आणि झोपायच्या कपड्यांचा जोड कोरडा ठेवा. सकाळी ओले कपडे अंगावर चढवणं कितीही जिवावर आलं, तरी तो जोड घालून सायकलवर बसायचं नाही.

पावसात चालवताना

टायरमधली हवा थोडी कमी करा. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, लाकडी पूल आणि ओला पाचोळा यांवर ब्रेकही नको आणि वळणही नको. रिम ब्रेक (चाकाची धातूची कड, म्हणजे रिम, दाबून धरणारे) असतील तर उतार लागायच्या आधीच हलके दाबत राहा. रिमवरचं पाणी निपटल्याशिवाय ते धरत नाहीत.

वाऱ्यात

दाट झाडीत वारा फारसा लागत नाही. झाडी संपते तिथे तो बाजूने थप्पड मारतो, आणि भरलेले पॅनियर शिडासारखं काम करतात. मोकळी जागा दिसू लागली की वेग कमी करा, कोपरं सैल सोडा, रस्त्याच्या कडेपासून थोडं आत राहा.

थांबताना

माझी सगळ्यात जास्त फजिती इथेच झाली. ‘अजून दहा किलोमीटर मारू’ हा विचार मनात आला की समजा, थांबायची वेळ टळून गेली आहे. वादळाच्या दिवशी अंधार पडायच्या निदान दोन तास आधी जागा शोधायला लागा. संधिप्रकाशात सगळीच झाडं धडधाकट दिसतात.

आधी विजेचं बघू. लखलखाट दिसला की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सायकलवरून उतरा. ‘रबराचे टायर आहेत, काही होत नाही’ असं सांगणारे अजून भेटतात. जी वीज आभाळापासून एवढी हवा फोडत खाली येते, ती बोटभर रबराची काय पत्रास ठेवणार?

पक्की इमारत किंवा बंद मोटारगाडी मिळाली तर उत्तम. तंबू हा आसरा नव्हे. काहीच नसेल तर माथ्यावर, मोकळ्यावर किंवा एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. सखल भागातल्या, सारख्या उंचीच्या बुटक्या झाडीत खोडांपासून लांब उकिडवे बसा. पाय जुळलेले हवेत. आडवं पडायचं नाही, कारण जवळ पडलेली वीज जमिनीतूनही पसरते. हे शेवटचे उपाय आहेत, पूर्ण सुरक्षित कुठलाच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मग निघा.

आता माझी चूक. मुसळधार पाऊस चालू होता आणि एका मोठ्या झाडाखाली जमिनीचा कोरडा गोल दिसला. एवढ्या पावसात कोरडी जागा! मी तिथेच तंबू ठोकला. रात्री कडाड्‌ असा आवाज झाला. बॅटरी लावून बघते तर मांडीएवढी फांदी सायकलच्या मागच्या चाकावर पडलेली, तारा वाकून आत गेलेल्या. माझं डोकं तिथून चार हातांवर होतं.

तेव्हापासून मी जमीन नंतर बघते, आधी वर बघते. शेंड्याला पानं नाहीत, साल सुटलेली आहे, खोडावर अळंब्या आहेत, बुंध्याशी माती एका बाजूने उचललेली आहे, यातलं एक जरी दिसलं तरी त्या झाडाच्या उंचीपेक्षा लांब जायचं. वरच्या फांद्यांत अडकून राहिलेली तुटकी फांदी तर हमखास पडायचीच असते. वारा पडला म्हणून निर्धास्त होऊ नका. माती भिजून मऊ झाली की झाडं नंतरही उन्मळतात. ओढ्याकाठची सपाट वाळूही सोडा. तुमच्या डोक्यावरचा पाऊस थांबला तरी वरच्या अंगाला तो चालूच असू शकतो.

थांबल्यावर

तंबू, कोरडे कपडे, खाणं, याच क्रमाने. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की फार थंडी नसतानाही माणूस गारठतो, आणि एकट्याला ‘तुझी जीभ अडखळतेय’ असं सांगायला कुणी नसतं. म्हणून मी दर तासाला त्याच हाताच्या अंगठ्याने करंगळी टेकवून बघते. टेकेना, की असेन तिथे थांबते.

सकाळी

चेन पुसून तेल घाला, ब्रेकपॅडमध्ये रुतलेले खडे टोकदार काडीने काढा. रस्त्यात झाड आडवं पडलेलं असेल तर सामान उतरवून दोन फेऱ्यांत वळसा घाला. वाकून ताणलेल्या खोडाखालून सरपटायचं नाही आणि त्याच्या फांद्या तोडायच्याही नाहीत. ते सुटलं की चाबकासारखं उसळतं. विजेची तार खाली लोंबत असेल तर वळसासुद्धा नको, आल्या वाटेने मागे फिरा.