हॉटेलचं दार कुठे ठेवाल?

कॉम्प्युटर उघडण्याआधी प्लॉटसमोरच्या फूटपाथवर संध्याकाळी सहा ते सात उभं राहा. बसस्टॉपवरून माणसं कुठून येतात, रस्ता कुठे ओलांडतात, चहाच्या टपरीपाशी कुठे थबकतात, ते वहीत टिपा. पुण्यात वीस वर्षं मी इमारतींचे नकाशे काढतेय. हा तास ज्यांनी चुकवला, त्यांची दारं हमखास चुकीच्या जागी गेलेली पाहिली आहेत.

मग गाडीचं फाटक आणि माणसांचं दार वेगळं करा. माणसांचं दार मुख्य रस्त्यावर, थेट फूटपाथवर उघडणारं. गाड्या बाजूच्या गल्लीतून आत घ्या. गल्लीच नसेल तर एकच फाटक. मालक ‘इन’ आणि ‘आउट’ अशी दोन मागतात, पोर्चमधून गाडी सरळ निघावी म्हणून. तिथे भांडा.

का, ते सांगते. माझी आई काठी घेऊन चालते. घराजवळच्या एका हॉटेलला अशी दोन फाटकं आहेत. पहिल्यापाशी फूटपाथ तुटतो. वीतभर खाली उतरायचं, गुळगुळीत फरशीच्या उतारावर काठी घसरते, पलीकडे पुन्हा चढायचं. वीस पावलांवर परत तेच. गाडी आली की वॉचमन शिट्टी मारून थांबवतो ते आईला, गाडीला नाही. देवळापर्यंतच्या पाच मिनिटांसाठी ती आता रिक्षा करते.

म्हणून फूटपाथ फाटकासमोरही त्याच उंचीवर सलग न्या. चढ-उतार गाडीने करावा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत (आयआरसी 103) चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ड्रॉइंगवर ती पट्टी लाल रंगाने आखा. कुंड्या, पाटी, व्हॅले पार्किंगचं टेबल, काहीही तिच्यात येता कामा नये.

तळमजल्यावर कॉफी शॉप रस्त्याकडे काढा, त्याला स्वतःचं दार द्या. लांबलचक कोऱ्या कंपाउंड वॉलच्या कडेने रात्री एकटी बाई चालत नाही.

इमारत जुनी असली तरी दार हलतं. मुंबईचं ताज 1903 साली सुरू झालं तेव्हा मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, मुद्दाम ठेवलेलं. इमारत चुकून उलटी बांधली गेली ही नुसती दंतकथा. पुढे दार समुद्राकडे आलं आणि जुन्या जागी पोहण्याचा तलाव झाला. तुम्हाला एवढी तोडफोड लागणार नाही. रस्त्याकडचं एखादं कुलूपबंद दार बहुतेक हॉटेलांना असतंच. आधी ते महिनाभर उघडं ठेवून पाहा.